चोवीस गुरूंतील भ्रमर आणि आपल्या परसातली एकटी माशी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात चोवीस गुरूंचा विषय कोणत्या ना कोणत्या कीर्तनात येतोच. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायांत, अवधूत यदुराजाला आपले गुरू एकेक करून सांगतात. तो अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभूच, ही संप्रदायाची श्रद्धा. या एकाच स्कंधावर नाथमहाराजांनी एकनाथी भागवत रचलं. ते शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीत पूर्ण झालं आणि यदू-अवधूत संवाद मराठी घराघरांत पोचला.

गुरूंची यादी आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असते. पण यादी पाठ असणं वेगळं आणि गुरूची ओळख असणं वेगळं. समुद्र पाहायला भंडाऱ्याहून लांब जावं लागेल, हत्तीही आपल्याकडे रोज दिसायचा नाही. मात्र या चोविसांतले काही गुरू आपल्या घरामागे, सांदवाडीतच राहतात. त्यांपैकी एकाचा अभ्यास या लेखात करू. तो गुरू म्हणजे भ्रमर.

१. मूळ पाठात काय आहे

आठव्या अध्यायात अवधूतांनी या गुरूकडून तीन गोष्टी घेतल्या आहेत.

पहिली गोष्ट भिक्षेची. भ्रमर फुलाला इजा न करता थोडं थोडं घेतो, तशी साधूनं अनेक घरांतून थोडी थोडी भिक्षा घ्यावी, एकाच घरावर भार टाकू नये. यावरूनच 'माधुकरी' हा शब्द आला. गरीब विद्यार्थी पाच घरी माधुकरी मागून शिकत, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट ज्ञानाची. लहान फूल असो की मोठं, भ्रमर त्यातलं सार तेवढं घेतो. तसं शहाण्यानं लहानमोठ्या सगळ्या शास्त्रांतून सार घ्यावं.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची. संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी मागून आणलेलं साठवू नये. जो माशीसारखा साठवत बसतो, तो साठ्यासकट नष्ट होतो. याच्याच जोडीला पुढे 'मधुहा' म्हणजे मध काढून नेणारा हाही एक गुरू सांगितला आहे. कष्टानं जमवणारा एक, खाणारा दुसराच.

इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. सार घ्यायला सांगताना मूळ शब्द 'षट्पद' आहे आणि साठा करू नको म्हणताना 'मक्षिका' आहे. आपण दोन्हीचं भाषांतर 'मधमाशी' असं करून मोकळे होतो. पण परसात जाऊन नीट पाहिलं, तर साठा करणारी माशी आणि साठा न करणारी माशी अशा खरोखरच दोन तऱ्हा आढळतात.

२. भ्रमर म्हणजे कोण

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात माउलींनी भ्रमराचा दृष्टान्त दिला आहे. कोरडं लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा त्याचा आशय. आता विचार करा, लाकूड पोखरणारी माशी कोणती? पोळं करणारी मधमाशी लाकूड पोखरत नाही. ते काम करतो आपला मोठा काळा भुंगा, ज्याचे पंख उन्हात निळे-जांभळे चमकतात आणि जो घरात शिरला की लेकरं पळत सुटतात. म्हणजे माउलींच्या दृष्टान्तातला भ्रमर हा नुसता कवीचा भुंगा नाही, आपल्या गोठ्याच्या आड्यात भोकं पाडणारा हाच तो.

हा भुंगा माश्यांच्याच कुळातला. जगात माश्यांच्या २०,००० हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि भारतात ७०० च्या वर. त्यांतल्या मध साठवणाऱ्या थोड्याच. आपल्याकडच्या म्हणाल तर आग्या, सातेरी, फुलोरी, छोटी पोयाची माशी आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा. बाकीच्यांपैकी बहुसंख्य माश्या एकट्यानं राहणाऱ्या. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. प्रत्येक मादी स्वतःच घर बांधते, स्वतःच अन्न आणते, स्वतःच अंडी घालते.

कुमारीच्या बांगड्यांची गोष्ट आपण ऐकलीच आहे. दोन बांगड्या असल्या तरी आवाज होतो, एकच उरली की शांत. अवधूतांनी त्यातून एकांताचा धडा घेतला. या माश्या म्हणजे निसर्गातली ती एक बांगडी समजा.

३. परसात दिसणाऱ्या तीन एकट्या माश्या

जयंतीच्या सुमारास धुऱ्यावरची तूर फुलावर असते. पौष-माघात मुंगणा, म्हणजे शेवगा, पांढऱ्या फुलांनी लदबदतो. वसंत पंचमीनंतर ऊन चढू लागलं की परसातली वर्दळ वाढते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास शेवग्याखाली दहा मिनिटं उभं राहिलं तरी पुष्कळ कळतं.

पहिला, काळा भुंगा. वाळलेलं लाकूड किंवा बांबू पोखरून तो बोगदा करतो. 'तो' म्हणायची आपली सवय, पण पोखरणारी ती मादी असते. बोगद्यात पराग आणि मकरंद मळून ती एक गोळा ठेवते, तुपात वळलेल्या लाडवासारखा. त्यावर एक अंडं घालते आणि लाकडाच्या भुशाचा पडदा करून खोली बंद करते. मग पुढची खोली. तिचं अंडं कीटकांच्या जगात सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी एक गणलं जातं. तोंडासमोर येऊन एका जागी घोंगावत राहणारा भुंगा बहुधा नर असतो, आणि माश्यांमध्ये नराला नांगी नसते. मादीला असते, पण हातात पकडल्याशिवाय किंवा दाबल्याशिवाय ती सहसा डंख करत नाही. म्हणून झाडू घेऊन मागे लागण्याचं कारण नाही.

दुसरी, पानकापी माशी. गुलाबाच्या पानाची कड कात्रीनं गोल कापल्यासारखी दिसली, की घरचे म्हणतात कीड लागली आणि औषधाचा पंप काढतात. ती कीड नाही. ही माशी पानाचे लांबट तुकडे कापून नेते आणि नळीच्या आत अस्तर लावते. खोली भरून अंडं घातलं की गोल तुकडे कापून झाकण लावते. पान ती खात नाही. झाड त्यानं मरतही नाही, चार पानं नक्षीदार दिसतात एवढंच. पराग ती पायांवर न नेता पोटाच्या खालच्या केसांवर नेते, त्यामुळे तुरीवरून उडताना तिचं पोट पिवळं दिसतं.

तिसरी, निळ्या पट्ट्यांची माशी. पोटावर निळसर चमकदार पट्टे, चपळ इतकी की डोळा ठरत नाही. तुळशीच्या मंजिऱ्यांवर ती हमखास येते. घर करते मातीत किंवा जुन्या कच्च्या भिंतीत. तिचे नर संध्याकाळी एखाद्या वाळक्या काडीला जबड्यानं धरून रांगेत झोपतात. दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लावताना आसपासच्या काड्या निरखून पाहा, कदाचित दर्शन होईल.

४. महाप्रसादाच्या वांग्यात भुंग्याचा वाटा

आपल्याकडचा महाप्रसाद म्हटला की वरण, भात, बुंदी आणि वांग्याची भाजी. आता वांग्याचं फूल पाहा. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा शंकू असतो. पराग त्या नळ्यांच्या आत असतो आणि बाहेर यायला टोकाला बारीक छिद्र तेवढं असतं. मकरंद या फुलात नाहीच. साधी मधमाशी आली तर तिच्या हाती फारसं काही लागत नाही.

भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी आली की ती फुलाला धरून, पंख न हलवता, उडण्याचे स्नायूच जोरानं थरथरवते. 'झीं' असा वेगळा आवाज येतो आणि मिठाच्या डबीतून मीठ सांडावं तसा पराग तिच्या अंगावर सांडतो. मग पुढच्या फुलावर जाताना त्यातला थोडा तिथे लागतो. वाऱ्यानं हलूनही काही फळ धरतं, हे खरं. पण अशी माशी येऊन गेली तर फळधारणा वाढते. टमाट्याचंही तसंच. तुरीला स्वतःच्या परागावर शेंग धरता येते, तरी पानकापी आणि भुंगा यांच्या वजनानं तिचं फूल उघडतं आणि एका झाडाचा पराग दुसऱ्यावर जातो.

परदेशात हे हिशेबानं वापरतात. जपानात सफरचंदाच्या बागांत वसंताच्या आरंभी बाहेर पडणाऱ्या एकट्या माश्यांसाठी बोरूच्या पोकळ नळ्यांच्या जुड्या ठेवतात. अमेरिका आणि कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी पानकापी माश्या पाळतात. आपल्याकडे त्या न बोलावता येतात, न सांगता काम करून जातात, म्हणून त्यांची किंमत कळत नाही.

५. साठा आणि तरतूद

आता मुख्य प्रश्न. पारायणात हा अध्याय आला की संसारी माणूस हमखास विचारतो, "काकाजी, साठवूच नये म्हणता, मग म्हातारपणी करायचं काय?" प्रश्न योग्य आहे. मुळात तो इशारा भिक्षेच्या अन्नाबद्दल, भिक्षूला दिलेला आहे. पण ऐकणारा यदू राजा होता, म्हणजे संसारीच. तेव्हा आपल्यालाही त्यातून काहीतरी घ्यायचंच आहे.

माझं आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं, शिक्षण वाणिज्य शाखेचं. म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे दोन शब्द वेगळे आहेत, साठा आणि तरतूद. साठा म्हणजे किती हवं याची मर्यादा न ठरवता वाढवत नेलेला ढीग. तरतूद म्हणजे ठरावीक कारणासाठी, ठरावीक रकमेची, नावानिशी बाजूला काढलेली सोय.

पोळ्यातली माशी साठा करते. तो तिच्या कुळाचा धर्म आहे, त्यावरच तिचं पोळं वाईट दिवस काढतं. पण साठा दिसला की मधुहा येतो. आग्याचं पोळं धूर करून काढतात तेव्हा मधही जातो आणि माश्याही जळतात. 'साठ्यासकट नाश' हे शब्द तिथे अक्षरशः खरे होतात.

एकटी माशी तरतूद करते. एका खोलीत एक अंडं आणि त्या एका जीवाला पुरेल एवढाच गोळा. जास्त नाही, कमी नाही. खोली बंद केली की पुन्हा उघडून पाहत नाही. पानकापीसारख्या बहुतेक एकट्या माश्या तर आपली पिल्लं बाहेर पडण्याआधीच मरून जातात. पिल्लू खाईल की नाही, आठवण ठेवील की नाही, हे पाहायला आई नसते. तरी कामात कुठे कसूर नसते. फळाची आशा न ठेवता केलेलं कर्म आपण गीतेत वाचतो, इथे ते बांबूच्या नळीत पाहायला मिळतं. भुंग्याची मादी मात्र जास्त जगते, तिची आणि तिच्या लेकींची कधी कधी गाठ पडते.

आणखी एक गंमत. नळीत आतल्या बाजूच्या खोल्यांत बहुधा माद्यांची अंडी असतात, दाराजवळच्या खोल्यांत नरांची. कोणतं अंडं कुठे घालायचं हे आईच्याच हाती असतं. शेवटी घातलेली दाराजवळची अंडी नरांची, आणि नरच आधी बाहेर पडतात. हिशेबाच्या पुस्तकात ज्याला आम्ही 'लिफो', म्हणजे शेवटी आलेलं आधी बाहेर, म्हणायचो, ती पद्धत माशीनं आधीच लावून ठेवलेली. कोण केव्हा बाहेर पडणार याचाही विचार तिच्या तरतुदीत आहे.

आता आपल्याकडे पाहा. दहा वर्षं ज्या खात्यात खातेदाराचा काही व्यवहार नाही, त्यातली रक्कम बँकांना रिझर्व्ह बँकेच्या निधीत भरावी लागते. हा निधी २०१४ साली सुरू झाला. वारसाला पुढेही ती मागता येते, पण त्यासाठी ठेव होती हे त्याला ठाऊक तर हवं! कष्टानं जमवलं, पोटाला चिमटा घेतला, आणि घरात कोणाला सांगितलंच नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा साठा होता, तरतूद नव्हती. भागवतातला मधुहा प्रत्येक वेळी चोर म्हणून येत नाही. कधी तो आपल्याच मौनाच्या रूपानं येतो.

म्हणून या जयंतीला प्रत्येक ज्येष्ठानं एक काम करावं. आपल्या खात्यांवर, ठेवींवर वारसाचं नाव लागलं आहे की नाही ते तपासावं. कागद कुठे आहेत ते घरात एका माणसाला तरी सांगावं. जास्तीचं असेल ते हातानं, डोळ्यांदेखत द्यावं. आणि मग माशीसारखं दार बंद करून नामस्मरणाला बसावं, रोज रोज उघडून मोजू नये.

६. कुंभारीण माशीचा गैरसमज

चोविसावा गुरू पेशस्कार, संतवाङ्मयातली भिंगुरटी. भिंतीत कोंडलेली अळी भिंगुरटीचं ध्यान करता करता भिंगुरटीच होते, असा दृष्टान्त. आपल्या भिंतींवर, फोटोंच्या मागे मातीचं घर करणारी कुंभारीण ती हीच. ती पराग गोळा करणाऱ्या माश्यांतली नाही. माश्यांच्या पिल्लांचं जेवण शाकाहारी, पराग-मकरंदाचं. कुंभारीण पिल्लांसाठी अळ्या आणते. नांगी मारून त्यांना लुळं करते आणि घरात कोंडून अंडं घालते. अळी आत गेली आणि काही दिवसांनी कुंभारीण बाहेर आली, एवढंच पूर्वजांना बाहेरून दिसलं. आतली अळी तिच्या पिल्लाचं अन्न होती.

नातवंडं शाळेत शिकून येतात आणि विचारतात, "आजोबा, मग पोथीत खोटं लिहिलं आहे का?" त्यांना रागावू नये. सांगावं की, दृष्टान्त मनाबद्दल आहे. माणूस ज्याचं सतत चिंतन करतो तसा तो होत जातो, हे सत्य अळीवर अवलंबून नाही. किडा काय करतो हे डोळ्यांनी पाहावं, मन काय करतं हे पोथीतून शिकावं. अवधूतांनी गुरू केले ते पाहूनच केले. पाहणाऱ्या नातवाला अडवणं हा काही दत्तसंप्रदाय नव्हे.

७. औदुंबराखाली

आपला औदुंबरही एका एकट्या जीवावर उभा आहे. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, कारण फुलं फळाच्या आतच असतात. एक अगदी बारीक गांधीलमाशीच्या कुळातली मादी उंबराच्या तोंडातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. अंगावर आणलेला पराग ती आतल्या फुलांना देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. ती आली नाही तर उंबराचं बी धरत नाही. उंबर फोडलं की किडे दिसतात म्हणून आपण तोंड वाकडं करतो. यापुढे पाराला प्रदक्षिणा घालताना त्या जिवाचीही आठवण ठेवावी.

८. आपण काय करायचं

हा अभ्यास नुसता वाचून सोडण्याचा नाही. एकटी माशी आयुष्यात जेमतेम वीस-तीस अंडी घालते. मेलिफेराची राणी भर हंगामात तेवढी अर्ध्या तासात घालते. त्यामुळे एक भुंगा मारला किंवा एक नळी जाळली तर पुष्कळ नुकसान होतं. शिवाय लहान माश्या काही शे मीटरच उडतात, दूरच्या जंगलातून त्या तुमच्या तुळशीवर येऊ शकत नाहीत.

(अ) अंगण आणि देवळाचं आवार सगळंच गट्टू लावून बुजवू नये. उन्हाचा कोपरा, निदान खाटेएवढी जागा, उघड्या मातीची ठेवावी. तिथे पाणी तुंबू देऊ नये.

(आ) बुरडाकडून बांबूचे वीतभर तुकडे आणावेत, एका बाजूला पेर बंद असलेले. करंगळीएवढ्या आणि त्याहून बारीक भोकांचे असे वीस-पंचवीस बांधून, पावसापासून आडोशाला, तोंड पूर्वेला करून टांगावेत. तोंड मातीनं किंवा पानानं बंद झालेलं दिसलं की समजा, आत कोणीतरी आहे. मग हलवू नये.

(इ) भुंगा दाराच्या चौकटीत भोक पाडत असेल तर चौकटीला तेलरंग द्यावा आणि परसात एक वाळकं ओंडकं त्याच्यासाठी ठेवावं.

(ई) तुळशीच्या सगळ्याच मंजिऱ्या खुडू नयेत. पूजेला लागतील तेवढ्या घ्याव्यात, काही फुलू द्याव्यात. फुलाला इजा न करता थोडं घ्यावं, हा भ्रमराचाच नियम.

(उ) फुलावर असलेल्या झाडावर फवारणी करू नये. अगदीच गरज पडली तर सूर्यास्तानंतर, माश्या परतल्यावर करावी.

(ऊ) नातवंडांना सोबत घ्यावं. वसंत पंचमीपासून गुढीपाडव्यापर्यंत रोज दहा मिनिटं, कोणती माशी कोणत्या फुलावर आली, ते वहीत लिहून ठेवावं.

यदुराजानं अवधूताला विचारलं होतं, तुझ्याजवळ काही नसताना तू इतका आनंदी कसा? उत्तरादाखल अवधूतानं चोवीस नावं सांगितली. त्यांपैकी कोणीही उपदेश करायला बसलं नव्हतं. सगळे आपापलं काम करत होते, पाहणारा तेवढा हवा होता. या वर्षी शेवगा फुलेल तेव्हा एक गुरू त्यावर येणारच आहे.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥